सुरवीबाईची सही

यवतमाळ,
१५ जून २०२५

सुखीमावशीस गझालाचा सलाम.

फोन केला नाही म्हणून रुसू नका. मुद्दामच केला नाही. निघताना मी बजावून आले होते की यापुढे आपलं बोलणं कागदावर. दोन वर्षं मंदिराच्या ओट्यावर बसून बाराखडी गिरवली ती काय लोणचं घालायला? हात दुखत असेल तर वर्षाकडून लिहून घ्या, सून आहे तुमची, नाही म्हणणार नाही. पण शेवटचं नाव तुमच्याच हातचं पाहिजे. मास्तरीण यवतमाळले गेली म्हणून शाळेला सुट्टी नाही.

आम्ही कळंब चौकाच्या मागे खोली घेतली आहे. अरसलानच्या अब्बांना गॅरेजात काम लागलं, अरसलानला शाळा मिळाली, उरले मी. ढाणकीत माझ्या अब्बांच्या गादीच्या दुकानात नुसती बसले तरी चार बाया बोलायला यायच्या. इथे मी दारोदार फिरून राहिले की कोणाला फुकटात शिकवणारी बाई पाहिजे का. वाचनालयात म्हणाले, अर्ज टाका. दवाखान्यात म्हणाले, एखाद्या संस्थेमार्फत या. संस्थेत गेले तर नुजहतबाजी म्हणून मुख्य आहेत, त्यांनी अनुभवाचा कागद मागितला. तुमच्या तांड्यात मला कोणी कागद मागितला होता का? ओटा झाडला, चटई टाकली, झालं सुरू.

आता कामाचं. इथल्या सरकारी कचेरीच्या फळ्यावर यादी लागली आहे. ज्या वस्त्यांना रेशन दुकान नाही तिथे नवीन दुकानं देणार आहेत, आणि आधी बायकांच्या बचत गटांना विचारणार आहेत. यादीत बेलतांडा आहे. मी तीनदा वाचलं. अर्ज तालुक्याला द्यायचा, मुदत ३१ जुलैपर्यंत. मावशी, तुम्ही गटाच्या अध्यक्ष आहात. हे सोडायचं नाही.

आणि निघताना तुम्ही बँकेत आंगठ्याऐवजी सही चालू करायच्या अर्जाचं विचारून राहिल्या होत्या. ते काम झालं आहे, डोक्यातून काढून टाका.

तुमची,
गझाला

---

बेलतांडा, ढाणकी
२६ जून २०२५

गझाला बेटीले सुखीबाईचा राम राम.

मी सांगून राह्यली अन् वर्षा लिहून राह्यली. तिले म्हटलं, जसं बोलते तसंच लिही, शहाणपणा करू नको.

तुहं पत्र आलं अन् मी बबिताले, जमनीले, सगळ्या गटाले मंदिरात बोलावलं. वर्षानं वाचून दाखवलं. बाया एकदम बोलाले लागल्या. तुले तं माहीत हाये, गहू-तांदूळ आणाले तीन किलोमीटर शंकरसिंगाच्या दुकानात जा लागते. तिथे मशीन. मशीनवर आंगठा ठेवा. माहा आंगठा मशीन घेत नाही. मागच्या महिन्यात चार डाव ठेवला. शंकरसिंग म्हणे, मावशी, मशीन तुले ओळखतच नाही, उद्या ये. उद्या गेली तं म्हणे परवा ये. रिकामी थैली घेऊन वापस आली, घरी आमचा म्हातारा रूपसिंग विचारते काय झालं, मी म्हटलं मशीनले विचार. हळद शिजवू शिजवू, घासू घासू आंगठ्याच्या रेघाच राह्यल्या नाही, त्याले मी काय करू? म्हणूनच तं तुह्या ओट्यावर बसली. म्हटलं आंगठा दगा देते, सही तं देणार नाही.

नेमसिंग नायकाले विचाराले गेलो. नायक तांड्याचा मोठा माणूस, त्याले विचारल्याबिगर चालत नाही. तो म्हणे, दुकान चालवणं बायाचं काम नाही, तिथे रोज माणसाईशी बोला लागते. मी म्हटलं, ढाणकीच्या बाजारात पाच वर्षांपासून आमी हळद विकतो तं काय बकऱ्याईशी बोलतो? तो हासला. हो म्हणला नाही, पण नाहीही म्हणला नाही.

दुकान भेटलं तं आपल्या दळलेल्या हळदीले एक फळी भेटन. मंग पावसात पाट्या झाकत बसा लागणार नाही. तांड्यातल्या म्हाताऱ्याईले मी परवा ये म्हणणार नाही. हे मनात धरून ठेवलं हाये. कायकाय कागद लागते ते लिही.

(गझालाताई, हे माझं. सासूबाई रोज कोळशानं भिंतीवर नाव लिहितात. ख अजून फुटतोच, र वेगळा पडतो आणि व वेगळा. मी मोठ्यानं "सुरवीबाई" वाचलं तर फुंकणी घेऊन मागे लागतात. खाली त्यांनीच लिहिलं आहे. — वर्षा)

सुरवीबाई

---

यवतमाळ,
४ जुलै २०२५

सुखीमावशी,

ही सुरवीबाई कोण नवीन आली तांड्यात? आमच्या सुखीबाईला सांगा, ख चं पोट आणि पाठ एकमेकांना चिकटून पाहिजे, नवरा-बायको भांडल्यासारखं तोंड फिरवून नाही.

कागद सांगते. गटाची नोंदणी, बँकेचं पासबुक, सगळ्या दहा जणींचे आधार, जागेचा कागद (मंदिरामागची बबिताच्या सासऱ्याची खोली चालेल), आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ठराव. आम्ही दुकान चालवायला तयार आहोत असं गटाच्या वहीत लिहायचं आणि त्यावर अध्यक्षाची आणि सचिवाची सही. बबिता सचिव आहे, ती करेल. तुमची तुम्ही करायची. साहेबानं शाईचा पॅड पुढे केला तर तो तसाच मागे सरकवून द्या. चांगलं दिसेल ते. ते पाहायला मी असायला पाहिजे होते.

माझीही एक खुशखबर आहे. नुजहतबाजींच्या संस्थेत पुन्हा गेले होते. या वेळी एक कागद सोबत नेला. कोणता ते भेटल्यावर सांगेन. तो कागद हातोहात फिरला, आणि त्यांनी मला रविवारचा वर्ग चालवायला दिला. बारा बाया आहेत. पहिल्या रविवारी तिघी आल्या, त्यातली एक झोपली. पण सुरुवात आहे.

तुमची,
गझाला

---

बेलतांडा
२४ जुलै २०२५

गझाला बेटी,

काल अर्ज देला. वर्षाले म्हटलं आजच लिही, उद्या माहं अर्धं सांगणं विसरून जाईन.

सकाळच्या एसटीनं गेलो, मी, बबिता, वर्षा अन् जमनी. जमनी कायले आली माहीत नाही, तिले शिकाचं नाही, सही कराची नाही, पण एसटीत खिडकीजवळ बसाले ती सगळ्याइच्या आधी. मी फेटिया-कांचळी घालून गेलती. वर्षा म्हणे साडी नेसा. मी म्हटलं, लग्नात हेच, मयतीत हेच, साहेबाजवळ काहून नाही?

तिथं बाबू होता. कागद पाह्यले, चांगला बोलला. मंग माह्याकडे पाह्यलं, हातातल्या बांगड्या पाह्यल्या, अन् न विचारता पॅडचं झाकण उघडलं. मी पॅड मागे सरकवला, तू सांगतला तसाच. त्यानं पेन देला. गझाला, पेन हातात घेतला अन् सगळं नाव मनातून पुसून गेलं. मागे लायनीत माणसं उभी. एक म्हणे, आजी, आंगठा लावून टाका ना, गाडी हाये. मी डोळे मिटले अन् घरची भिंत आठवली. मंग लिहिलं. सगळं लिहिलं, सुखीबाई रूपसिंग आडे. ख थोडासा फाकला. बाबू थांबला होता तोवर. पेन वापस घेताना म्हणे, छान.

बाहेर आलो तं जमनी म्हणे, एवढ्या वेळात तं मी हळद दळून आणली असती. पण भजे तिनंच खाऊ घातले.

नायकानं आज बोलावलं होतं. म्हणे, दुकान भेटलं तं पहिल्या दिवशी नारळ मी फोडीन. आता नारळ फोडाले सगळेच येतीन.

सुखीबाई

(ताई, शेवटचं नाव पाहा. ख जवळजवळ जुळला आहे. — वर्षा)

---

यवतमाळ,
२२ ऑगस्ट २०२५

सुखीमावशी,

महिना झाला, दोन पत्रं टाकली, तुमच्याकडून एक ओळ नाही. माझ्या हातून काय चुकलं ते मला कळलं आहे. तीजेला आले नाही. पोरींनी टोपल्यांत गहू पेरले असतील, नऊ दिवस गाणी म्हटली असतील, तुम्ही वाट पाहिली असेल. अरसलानला ताप होता, खरंच होता. तुम्ही रागावल्या की बोलत नाही हे मला माहीत आहे. पण इतकं?

इथलं सांगते म्हणजे राग जाईल. माझ्या वर्गात आता पूर्ण बारा येतात. संस्थेनं मला चार मोहल्ल्यांच्या वर्गांची प्रमुख केलं. कार्यक्रम होता, माइकवर बोलायला लावलं. मी तुमचंच सांगितलं, मशीनचं, आंगठ्याचं, भिंतीवरच्या कोळशाचं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या तुमच्या होत्या, मी फक्त तिथे उभी होते.

दुकानाचा निकाल लागला असेल. लवकर कळवा. नारळ फुटला का?

गझाला

---

बेलतांडा
२ सप्टेंबर २०२५

गझालाताई,

हे पत्र मी माझ्या मनानं लिहिते आहे. सासूबाईंना माहीत नाही. तुमची तिन्ही पत्रं त्यांनी डब्यात ठेवली, एकही वाचू दिलं नाही. शेवटचं मी काल चोरून वाचलं.

तीजेचा राग नाही हो. अर्ज बाद झाला.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बोलावणं आलं. ठरावावर अध्यक्षाची सही आहे आणि बँकेनं जो दाखला दिला त्यात अध्यक्षाचा अंगठा आहे. दोन्ही जुळत नाही, म्हणजे ही बाई तीच कशावरून, असं विचारलं. साहेब वाईट नव्हते. त्यांनी दोन दिवस दिले. म्हणाले, बँकेत जा, तिथल्यासारखा अंगठा लावा, बँकेनं जुळतो म्हणून लिहून दिलं की झालं. आम्ही गेलो. चार वेळा अंगठा लावला ताई. चारही वेळा नुसता निळा डाग. एक रेघ नाही. बँकेतल्या बाईनं त्यांचं बोट स्वतः धरून दाबलं, स्पिरिटनं पुसून दाबलं. डागच. ती म्हणाली, मी कशावर लिहून देऊ? मुदत संपली. यादीत दुसरं नाव शंकरसिंगच्या बायकोच्या गटाचं आहे.

त्या दिवसापासून सासूबाई मला एकच विचारतात. माह्या ख मुळे झालं काय? मी सुरवी लिहिलं म्हणून त्याईले वाटलं दुसरी बाई होय? मी नाही म्हणते, त्यांना पटत नाही. त्यांनी भिंत शेणानं सारवून टाकली. ओटा बंद आहे. जमनीकाकू बाजारात सगळ्यांसमोर म्हणाली, सुखी शिकली म्हणून तांड्याचं दुकान गेलं, आधीसारखी आंगठ्यावर राह्यली असती तं भेटलं असतं. सासूबाईंनी हळदीची पाटी झाकली आणि घरी निघून आल्या. त्या अशा निघून आल्या हे मला सहन होत नाही.

एक विचारायचं आहे. सही बदलायचा अर्ज तुम्ही मे महिन्यात बँकेत दिला होता ना? तेव्हापासून गटाला पैसे काढायचं काम पडलं नाही, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. बँकेतली बाई म्हणते असा अर्ज आलाच नाही. तुम्ही कोणाजवळ दिला होता? शिक्का मारलेली पोच असेल तर पाठवा. ती दाखवली तर कदाचित अजून ऐकतील.

वर्षा

---

यवतमाळ,
७ सप्टेंबर २०२५

सुखीमावशी,

हे पत्र डब्यात ठेवू नका. पाया पडते, हे एक वाचा, मग सगळी जाळा.

वर्षाचं पत्र आल्यावर मी आधी बँकेला शिव्या देणारं एक पत्र लिहिलं. दोन पानं. त्यात लिहिलं की त्यांनीच अर्ज हरवला असेल. ते पाकिटातही घातलं. मग समोरच्या भिंतीकडे पाहिलं आणि फाडलं.

अर्ज बँकेत नाही. माझ्या भिंतीवर आहे.

तुम्हाला ते दुपारचं आठवत असेल. मी अर्ज लिहिला, तुम्ही सही केली. आयुष्यातली पहिली. तळहाताला शाई लागून कागदावर पसरली आणि ख चे दोन तुकडे झाले. सुरवीबाई. मी तोंडानं माशाल्ला म्हटलं आणि मनात म्हटलं, हे बँकेत कसं द्यायचं? बाबू हसतील. मला म्हणतील, हीच का तुझी शिकवणी? तुम्हाला मी म्हणाले, उद्या दुसरा करू, जरा नीट. संध्याकाळी ढाणकीच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले आणि पहिली सही म्हणून आठवणीला तो कागद लॅमिनेशन करून घेतला. दुसऱ्या दिवशी सामानाचा टेम्पो दुपारऐवजी सकाळीच आला. तुम्ही हळदीची पुडी घेऊन टेम्पोजवळ आल्या आणि विचारलं, बँकेत देला काय? मी दिला म्हटलं. वाटलं, पंधरा दिवसांत येऊन करून टाकीन. मग इथून लिहिलं, काम झालं आहे. तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली की आपल्यालाच खरी वाटायला लागते.

बँकेनं तुमचा ख पाहिलाच नाही, मावशी. पाहिला फक्त मी. लाज बँकेला नाही वाटली, मला वाटली.

आणि अजून आहे. नुजहतबाजींना जो कागद दाखवला तो हाच. तीच फुटलेली सही पाहून त्यांनी मला वर्ग दिला, प्रमुख केलं, माइक दिला. बँकेत न्यायला जी चांगली नव्हती ती टाळ्या घ्यायला चांगली होती. तुम्हाला दुकान मिळालं असतं त्याच सहीनं, ते गेलं, आणि मला पद मिळालं त्याच सहीनं.

मी येते. साहेबांसमोर उभी राहते, जमनीकाकूसमोर उभी राहते, माझी चूक म्हणून सांगते. कधी येऊ ते कळवा. संस्थेतलं पद मी उद्याच सोडते.

माफी कोणत्या तोंडानं मागू?

गझाला

---

बेलतांडा
६ ऑक्टोबर २०२५

गझाला

हे मी लिहिते. वर्षा बाजुले बसली हाये पन तिले हात लावू देत नाही. आठ दिवस लागले.

तुहं पत्र मी वाचलं. मीच वाचलं. चार दिवस लागले. लॅमिनेशन शब्द लागला नाही तो वर्षाले विचारला. बाकी सगळं लागलं.

मले लय राग आला. अजून हाये.

दुकान शंकरसिंगाच्या बाईच्या गटाले गेलं. तू येऊ नको. साहेबाले मी विचारलं, आता होत नाही. जमनीले बी मीच सांगतलं. तिनं माफी मांगली नाही. पद सोडू नको. त्या बारा बायाईनं काय केलं. पन त्याईचा कागद ज्या दिवशीचा त्याच दिवशी दे.

माहा ख मोडका होता पन माहा होता. तसाच द्यायचा होता.

बुधवारी मी बँकेत गेली. एकटी गेली. अर्ज माह्या हातानं लिहिला. दोन लिहिले. एक देला, एकावर शिक्का मांगला. बाई म्हने जेवन करून येते. मी बसली. शिक्का घेऊन उठली.

ओट्यावर तिघी येतात. जमनी येत नाही. गव्हाले अजून शंकरसिंगाकडेच जातो. आंगठा अजून घेत नाही.

तुह्या भिंतीवरचा कागद माहा हाये. पिलास्टिकसंगट पाठव. पाठवाच्या आधी हे खालची सही त्याच्या बाजुले ठेवून पाय. जुळत नसन तं ती जुनी होय. आता हे हाये.

सुखीबाई रूपसिंग आडे